काच शाबूत आहे

छावणी, २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा भाऊ जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि अंघोळीचं विचारू नकोस. इथे फोन लागत नाही. आठवड्याला एकदा किराण्याची गाडी येते, तिच्यातून पत्रं जातात-येतात. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच, माझे परीक्षकही तेच करतात.

बाबा मला लहानपणापासून दगड म्हणत आले. कॉलेजात दुसरीकडे कुठे नंबर लागला नाही तेव्हा भूशास्त्रवाल्यांनी घेतलं, म्हणजे शेवटी दगडाला दगडांनीच पदरात घेतलं. सकाळी हातोडी, होकायंत्र, भिंग आणि वही घेऊन निघायचं. प्रत्येकाला डोंगराचा एक तुकडा वाटून दिलाय, त्याचा नकाशा करायचा. कुठला खडक कुठे संपतो, थर कुठल्या दिशेला किती कलंडलेत, सगळं. पहिल्या दिवशी माझ्या नकाशात झाडून सगळे थर माझ्याकडेच वळलेले निघाले. मला वाटलं, लागला शोध! सर म्हणाले की एका हातात लोखंडी हातोडी धरून दुसऱ्या हातातलं होकायंत्र वाचलं की सुई हातोडीकडेच बघणार, तुझ्याकडे बघण्यासारखं तिला काही नाही.

मऊ खडकात बारीक वाळू आहे की नुसती चिकणमाती, हे ओळखायला चिमूटभर दाताखाली धरतात. करकरलं तर वाळू. मी नमुन्यांच्या ट्रेमध्ये कपडे धुवायच्या साबणाची वडी घासूनपुसून ठेवून दिली. आमच्यातल्या सगळ्यात हुशार मुलीने चावली, अतिशय बारीक कण असं वहीत लिहूनही टाकलं, आणि मग तोंडाला फेस आला. तिने मला दोन दिवस भिंग दिलं नाही.

वहीचा एक नियम आहे. जे दिसलं ते डाव्या पानावर, जे वाटलं ते उजव्या पानावर. दोन्ही एकत्र केलं की सर वही परत फेकतात. माझी आतापर्यंत इतक्यांदा फेकली की तिला उडता यायला लागलंय.

आता खरं काम. परवा सरांनी सरकत्या डोंगरांचे फोटो दाखवले. झाडांचे बुंधे वाकलेले, कुंपणाचे खांब दारू प्यायल्यासारखे, रस्त्याच्या पायऱ्या मधेच उचललेल्या. बाकीचे हसत होते. मी नाही हसलो, आणि ही बातमीच समज. ताई, ते सगळं आपल्या गल्लीत आहे. मागच्या खोलीतली ती भेगसुद्धा. सरांना सांगितलं तर म्हणाले, हे तुझं उजवं पान झालं, आधी मोज. भेगेवर आडवी काचेची पट्टी ठेवायची, दोन्ही टोकं भिंतीला सिमेंटने पक्की करायची. भिंत जराशी जरी हलली तरी काच तडकते, कारण काचेला ताण सोसत नाही. उन्हाळाभर शाबूत राहिली तर ठीक. तडकली तर त्या घरात कुणी झोपायचं नाही.

बाप काचवाला असताना काचेची काय चिंता! पण बाबांना खरं सांगितलं तर ते काय म्हणतील हे तुला माहीत आहे. म्हणून त्यांना वेगळं पत्र टाकतोय. त्यात थोडी फेकाफेक आहे, तू नुसती मान डोलाव. तुला दर रविवारी काच बघून मला कळवायचंय, बास.

कळावे. लोभ जेवढा शिल्लक असेल तेवढा राहू द्यावा.
तुझा, उचापत्या


छावणी, २ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, अभ्यास करतो आहे. हसू नका, खरंच करतो आहे.

आम्हाला प्रत्येकाला घरी एक प्रयोग करायला सांगितलाय. मागच्या खोलीतल्या भेगेवर काचेची एक पट्टी बसवायची आहे, कशी ते सोबत चित्र काढलंय. पट्टी पावसाळ्यापर्यंत टिकली पाहिजे. ती टिकण्यावर माझे मार्क आहेत. काच फुटली की मी फुटलो, असं धरून चाला. दुकानातला एखादा उरलेला तुकडा चालेल, पण तुमच्या हाताने बसवा, म्हणजे मी पास.

कळावे. आशीर्वाद असू द्यावा, या वेळी जरा जास्त.
आपला, दगड


घर, १२ फेब्रुवारी

चि. दगडास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्या धंद्यातलं काहीतरी मागितलंस, बरं वाटलं. तुझं चित्र कशाचं आहे ते कळलं नाही पण मजकूर कळला. उरलासुरला तुकडा नाही घेतला. नवीन तावातून हिऱ्याने पट्टी कापली, कडा घासल्या आणि सिमेंटने बसवली. तुझ्या सरांना म्हणावं येऊन बघा, सुतभर इकडेतिकडे नाही. तुझी ताई मधे मधे करत होती. तिने कोपऱ्यावर नखं रंगवायच्या रंगाचा ठिपका दिला. म्हणे त्यांच्या इस्पितळातल्या तपासणीत खूण नसलेला नमुना फेकून देतात.

तू काळजी करू नकोस. काचेचं माझ्याकडे लागलं. पास व्हायचं तेवढं तू बघ.

जेवत जा.
बाबा


घर, १ मार्च

चि. उचापत्यास,
अनेक आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

रविवारचा अहवाल: काच शाबूत आहे. मागच्या रविवारीही होती, त्याआधीही होती. मी ठिपका बघते, पट्टीवरून बोट फिरवते आणि मगच चहा पिते. तुझ्यापायी मला रविवारीसुद्धा नमुने तपासायची वेळ आली.

मागच्या खोलीचं दार मात्र आता खांदा लावल्याशिवाय बंद होत नाही. बाबा म्हणतात लाकूड फुगलंय. कोरड्या हवेत लाकूड कसं फुगतं, विचारलं तर म्हणाले की या घरात दोन शहाणी मुलं झाली हीच चूक झाली.

तू त्यांना खरं सांगितलं नाहीस ते बरं केलंस. मी सहज विषय काढून बघितला, की आपली गल्ली उतारावर आहे, काही झालं तर. त्यांनी लगेच तुझ्या त्या नोटिशीची आठवण काढली. रस्ता रुंद होणार, दुकान हलवा, असं छापून तू दारावर चिकटवलीस, आणि त्यांनी अर्धं दुकान गवतात बांधून बाहेर काढलं. खाली तुझी सही निघेपर्यंत तीन आरसे फुटले होते. तुझ्या शब्दावर मी या घरातून पाऊल बाहेर टाकणार नाही, असं ते आजही गिऱ्हाइकांना सांगतात. शेजारची शिंपीणबाई तर ती गोष्ट ऐकायला मुद्दाम थांबते.

बाकी ठीक. बाबांच्या बोटाला काच लागलीय, सारखं काहीतरी कापत असतात. विचारलं तर बारीक ऑर्डर आहे म्हणतात.

कळावे. माया आहे, पण उधळायला नाही.
तुझी ताई


छावणी, २० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज तुझा भाऊ उताणा पडून आभाळ बघतोय, कारण आज सरांनी वही फेकली नाही!

आपल्या गल्लीचा अहवाल मी उन्हाळा संपायची वाट न बघताच पुरा केला. तुझे सगळे रविवार डाव्या पानावर उतरवले: काच शाबूत, काच शाबूत, काच शाबूत. उजव्या पानावर लिहिलं की उतार जुना सरकलेला असावा, सध्या हालचाल नाही. सरांनी मला विचारलं की ही काच तू स्वतः पाहिलीस का. मी म्हटलं, ताईने पाहिली, म्हणजे माझ्यापेक्षा दुप्पट पाहिली. ते म्हणाले, आपण न पाहिलेलं निरीक्षण म्हणजे अफवा. पण तू तपासणीचंच काम करतेस आणि काचेवर खूण केलीस, हे ऐकल्यावर त्यांनी सही केली. त्यांनी अहवाल उताराची पाहणी करणाऱ्या कार्यालयात पाठवला. त्या लोकांकडे आपल्या डोंगराचा एकही आकडा नव्हता म्हणे. माझा कागद मिळाल्यावर फारच खूश झाले.

दाराचं तेवढं कळत नाही. ते उजव्या पानावर लिहिलं आणि मग खोडलं. काच खोटं बोलत नाही, असं सर म्हणतात.

ताई, मी घाबरलो होतो गं. आता सांगतो. रात्री डोळे मिटले की ती भेग दिसायची. आता झोप लागते, इतकी की काल डाव्या बुटात कुणी पाणी भरून ठेवलं तेही कळलं नाही. साबणवालीच असणार. मुलगी सुधारतेय.

कळावे. लोभ वाढला तर हरकत नाही.
तुझा, उचापत्या


घर, २ मे

चि. उचापत्यास,
आशीर्वाद.

बसून वाच.

आज रविवार नाही. इस्पितळात माझी कामाची पाळी बदलली म्हणून दुपारीच घरी आले. बाबा मागच्या खोलीत स्टुलावर उभे होते, हातात छिन्नी. भिंतीवरची पट्टी मधोमध तडकलेली होती. ते ती काढून नवी बसवत होते. मला बघून दचकले, आणि मग तोंडावर बोट ठेवून म्हणाले की त्याला कळवू नकोस.

हे पहिल्यांदा नाही. दुकानात पोत्याखाली एक बादली आहे, ती मी ओढून काढली. निम्म्याहून जास्त भरलीय. सगळ्या आपल्याच पट्ट्या, सगळ्या मधे तडकलेल्या. पहिली पट्टी मी ठिपका दिल्यावर आठवडाभरही टिकली नव्हती. त्यानंतरच्या प्रत्येक पट्टीवर बाबांनी स्वतः ठिपका दिलाय, फ्रेमला लावतात त्या लाल रंगाने. मी रविवार-रविवार त्या ठिपक्यावर बोट फिरवून तुला शाबूत म्हणून लिहीत होते. दिवसभर नमुने तपासणारी मी, मला रंगातला फरक कळला नाही.

मी ओरडले त्यांच्यावर. ते म्हणाले, पोरगा पहिल्यांदा मन लावून शिकतोय, एका काचेपायी त्याला नापास होऊ देऊ का. मग हळूच म्हणाले की सिमेंटपेक्षा पुट्टी लावावी असा विचार आहे, पुट्टी जरा मऊ राहते, काच लवकर तडकणार नाही.

तुझा अहवाल परत घेता येतो का बघ. आपल्या गल्लीतल्या घरांना सपाटीवर खोल्या मिळणार होत्या, यादी लागली होती, हे मला आजच शिंपीणबाईकडून कळलं. मागच्या महिन्यात आपली गल्ली यादीतून काढली. कारण विचारलं तर कार्यालयातल्या माणसाने तिला कागद दाखवला. खाली तुझी सही होती. या वेळी खरी.

लवकर ये.
तुझी ताई


घर, २४ मे

चि. उचापत्यास,
आशीर्वाद.

तू येऊन गेल्यापासून गल्ली तुझ्याबद्दलच बोलतेय. तू बाबांना हाताला धरून ओढत रस्त्यावर आणलंस, रडलास, आणि सगळे टाळ्या वाजवत होते, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पंक्चरवाला म्हणाला की पोराने या वेळी काम फार सुंदर केलं, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. खाली सही कुठाय म्हणून बायका भिंत बघत होत्या.

तू सरांना घेऊन कार्यालयात गेलास, त्याचं उत्तर काल आलं. चुकीचा अहवाल दिल्याबद्दल खुलासा मागवलाय. यादी आता पुढच्या वर्षी. योग्य यंत्राने घेतलेली नवी मापं दिली तर मधेच विचार होऊ शकेल, असंही लिहिलंय, पण ते मला विचार करणारे लोक वाटत नाहीत. तू ते यंत्र आणायला छावणीवर गेलास म्हणून बाबांना सांगितलं. ते म्हणाले, आता यंत्र का, काच काय वाईट होती?

मी त्यांना परत परत समजावलं. ते म्हणतात, आधी त्याने लिहिलं काच मार्कांसाठी आहे, आता म्हणतो घरासाठी होती. यातली गंमत कुठली ते त्याने ठरवावं आणि मला कळवावं. मी निघालो आणि घर उभंच राहिलं, तर हा दगड जन्मभर हसेल.

मला इस्पितळाच्या वसतिगृहात जागा मिळालीय. तिथे बापाला घेऊन राहता येत नाही. मी आठवडाभर चावी पर्समध्ये घेऊन फिरले. शेवटी बाबांनीच माझं गाठोडं बांधलं. म्हणाले, तू जा, तुला कामाला जवळ पडेल. मी गेले रे. रोज संध्याकाळी येऊन त्यांना जेवायला वाढते आणि परत जाते. उठताना त्यांच्याकडे बघवत नाही.

भेगेत आता माझी बोटं जातात.
ताई


छावणी, ७ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

यंत्र मिळालं. ते घेऊन मी पळत खाली निघालो आणि मुरमावरून घसरलो. पाय मोडलाय. प्लास्टर आहे, हे खरं आहे, हवं तर सरांची सही घेऊन पाठवतो. पावसाने रस्ताही खचलाय, किराण्याची गाडी बंद आहे. दूधवाला पायवाटेने खाली जातो, त्याच्या हाती हे पत्र देतोय. सरांनी कार्यालयाला पुन्हा लिहिलंय, तेही त्याच्याच पिशवीत आहे.

बाबा, तुम्ही विचारलंत की यातली गंमत कुठली. मार्कांची गोष्ट गंमत होती. काच तडकणं खरं होतं. मला तुमच्याकडून फक्त तडकलेली काच हवी होती, आणि मी तुम्हाला सांगून बसलो की ती शाबूत हवी. तुम्ही माझ्यासाठी ती शाबूत ठेवलीत. यावर काय लिहायचं ते मला येत नाही, कुणी शिकवलंही नाही.

आम्हाला वहीचा एक नियम आहे. डाव्या पानावर जे दिसतं ते लिहायचं, फक्त तेवढंच. उजव्या पानावर त्यातून आपल्याला काय वाटतं ते. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. तुम्ही स्वतः बघा, डावं पान तुम्हीच लिहा. भिंत बघा, दार बघा, बाहेरचं झाड बघा. आणि मग तुम्हाला जे वाटेल तसं करा. मी हसणार नाही. घर उभं राहिलं तर तुम्ही मला जन्मभर हसा, मी समोर बसून ऐकेन.

शिंपीणबाईकडे झोपायला नका जाऊ, तिचं घरही त्याच उतारावर आहे. ताईच्या वसतिगृहाच्या फाटकाशी बाक आहे. बाकावर झोपा. माझ्यासाठी नका, माझ्यासाठी तुम्ही पुष्कळ केलंत.

आपला, दगड


घर, १२ जून

चि. दगडास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. पायाला जप. प्लास्टर ओलं करू नकोस. सरांची सही नको, तुझ्या अक्षरावरून कळतंय की पाय दुखतोय.

तू मला नापास करणार नाहीस ना, अशा धाकाने डावं पान लिहितो. चूक असेल तर सरांना दाखवू नकोस.

मागच्या खोलीतल्या भेगेत आता माझा अख्खा हात जातो. वारा फार यायचा, पाऊस आत यायचा. म्हणून मी दोन्ही कडा तासून घेतल्या, सागाची चौकट ठोकली आणि पाच एमएमची काच बसवली. आता तिथे खिडकी आहे. तुझी आई लग्न होऊन आली तेव्हापासून म्हणायची की या भिंतीला डोंगराकडे एक खिडकी हवी. मी नेहमी म्हणायचो की भिंत कोण फोडणार. आता आपोआपच झालं. तुझी ताई बघून दारातच खाली बसली. दोन्ही हातांनी मला ओढत होती. तिला म्हटलं, दुकानात काचेचे ताव उभे आहेत, त्यांना इथे एकटं सोडून बाकावर जाऊन झोपू का. तिला रडत पाठवली. ते मला बरं वाटलं नाही.

खिडकीतून वरच्या उतारावरचं ते वाकडं झाड दिसतं. सोमवारी चौकट बसवली तेव्हा त्याची मुळं वरच्या पट्टीला टेकलेली दिसत होती. मंगळवारी थोडी खाली. आज ती चौकटीच्या मधोमध आहेत. चौकट मी ओळंब्याने तपासली, चौकट सरळ आहे. काचही शाबूत आहे.

डोंगर इथून फार जवळ दिसतो. इतकी वर्षं मधे भिंत होती म्हणून मला कळलं नव्हतं, की तो आधीपासूनच एवढा जवळ होता. का आता झाला, ते तू सांग.

उजवं पान कोरं ठेवलंय. मला जे वाटतं ते तू पास झाल्याशिवाय तुला कळवायचं नाही असं ठरवलंय. तिथे तू लिही.

दूधवाला दारात थांबलाय, त्याला उशीर होतोय. पाणी उकळून पीत जा.
बाबा